आवडतं गाणं सांगताना आवाज का खाली येतो?

या सदराकडे आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका ३८ वर्षांच्या आहेत. माहेर मनमाडच्या बाजूचं. वडील रेल्वेत गँगमन होते आणि नोकरी सांभाळून गायन पार्टी चालवायचे. एप्रिल-मे महिन्यांत जयंतीचे कार्यक्रम, इतर वेळी लग्नं, नामकरणं, पुण्यानुमोदन (गेलेल्या माणसाच्या स्मरणाचा बौद्ध विधी). लेखिकेचं लहानपण त्या भीमगीतांत आणि कव्वाल्यांच्या सामन्यांत गेलं. पुढे त्या पुण्यात शिकल्या, बँकेत लागल्या, आंतरजातीय प्रेमविवाह केला. सासर संगीतवेडं आहे. सासरे दरवर्षी सवाई गंधर्व महोत्सवाला जातात, सासूबाई गाणं शिकलेल्या आहेत, नणंद भावगीतांच्या कार्यक्रमांचं निवेदन करते. घरात कोणी त्यांच्याशी वाईट वागत नाही. पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी स्वयंपाकघरात फोनवर भीमगीत लागलेलं असताना सासरे पाहुण्यांसमोर म्हणाले, ‘अगं, हे लाउडस्पीकरवरचं घरात कशाला?’ तेव्हापासून लेखिका ही गाणी एका कानात इअरफोन घालून ऐकतात. गाडीत ती लागलेली असली, तर सोसायटीचं गेट आलं की नवरा आवाज कमी करतो. कोणी आवडतं गाणं विचारलं की त्या एक ठरलेलं भावगीत सांगतात. आता सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. नणंदेने घरच्या ग्रुपवर निरोप टाकला आहे की प्रत्येकाने स्वतःचं सर्वांत आवडतं गाणं म्हणायचं. लेखिकेने सवयीने तेच भावगीत लिहिलं, पण सरावाला बसलं की गळा धरतो. वडील आता नाहीत. त्यांचं एक गाणं म्हणावं असं मनात येतं आणि भीती वाटते. त्या विचारतात, ‘मला चांगल्या गाण्याचा कानच नाही का? आणि पंचाहत्तरीला मी काय गाऊ?’

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारले आहेत. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून आधी कानाबद्दल बोलू.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात. तुम्ही आठ-नऊ वर्षांच्या असताना तुमचे वडील, आबा, स्टेजवर गात असायचे आणि तुम्ही पुढच्या सतरंजीवर बसलेल्या असायच्या. ढोलकी उतरली की आबा गाता गाताच बोटाने खूण करून ती चढवायला सांगायचे, आणि तुम्हाला ते त्याच्या आधीच कळलेलं असायचं. पुढे असंही लिहिलं आहे की सासूबाई देवघरात गुणगुणतात तेव्हा अंतऱ्यात त्यांचा सूर किंचित खाली येतो, पण तुम्ही कधी बोलत नाही. ज्या बाईला हे ऐकू येतं ती ‘मला कान नाही’ असं म्हणते, तेव्हा मला वाईट वाटतं. कान आहेच, आणि तो चांगला तयार झालेला आहे. तुमच्याकडे रागांची नावं नाहीत, कोण कोणाचा शिष्य ही माहिती नाही, मैफिलीत कुठे दाद द्यायची याचा सराव नाही. या गोष्टी घरात मिळाल्या तर आपोआप येतात, नाही मिळाल्या तर शिकता येतात. त्यांना कान म्हणत नाहीत.

दुसरी एक गोष्ट तुमच्या मनात एकात एक मिसळली आहे. ‘आवडतं गाणं कोणतं’ आणि ‘थोर गाणं कोणतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सगळी गाणी सारखीच असं मी म्हणणार नाही. कोणत्याही प्रकारात मेहनतीने बांधलेली गाणी असतात आणि घाईत उरकलेलीही असतात. डीजेवर वाजणाऱ्या भीमगीतांतली काही तुम्हालाच सहन होत नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. ही पारख योग्यच आहे. पण आवडतं गाणं विचारणारा माणूस तुमची पारख विचारत नाही. कोणतं गाणं लागलं की तुमचा हात कामावरून थांबतो, एवढंच तो विचारतो. त्या प्रश्नाला आजवर तुम्ही जे उत्तर देत आलात ते खोटं होतं, आणि मला वाटतं गळा धरतो तो त्यामुळे. भावगीत अवघड आहे म्हणून नव्हे.

माणसाला गाणी कशी आवडू लागतात हेही पाहा. तेरा-चौदाव्या वर्षापासून विशी-पंचविशीपर्यंत जे कानावर पडतं ते जन्मभर सर्वांत घट्ट चिकटून राहतं, असं मानसशास्त्राच्या अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळलं आहे. त्याच्याही आधी असतं ते घर. तुमचे सासरे पंचाहत्तरीचे आहेत, म्हणजे त्यांना समज येत होती तेव्हा गीतरामायण घरोघरी पोहोचलेलं होतं. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं, वर्षभर चाललं, छप्पन्न गीतं झाली. रेडिओसमोर हार-फुलं ठेवून लोक ते ऐकायचे, असं त्या पिढीकडून आजही ऐकायला मिळतं. त्यांच्या घरात रेडिओ होता, आईवडील ऐकत होते, म्हणून ते त्यांच्या कानात उतरलं. तुमच्या घरात आबांची पार्टी होती, म्हणून भीमगीतं तुमच्या कानात उतरली. लहानपणी तुम्ही दोघांनीही काही निवडलेलं नाही. त्यांना जे मिळालं त्याला ‘अभिरुची’ म्हणायचं आणि तुम्हाला जे मिळालं त्याला ‘लाउडस्पीकरवरचं’, ही वाटणी गाण्याने केलेली नाही. ती माणसांनी केली आहे, आणि माणसांनीच ती अनेकदा बदलली आहे. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण घरात बोलायची वेळ येईल तेव्हा हे तुमच्या हाताशी असावं.

१९५२मध्ये बा. वि. केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला त्यांनी मोठं स्थान दिलं, अनेक कलावंतांना त्यामुळे आधार मिळाला, हे श्रेय त्यांचंच आहे. पण हिंदी चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत आणि त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे वळवली. तिथला अमीन सयानींचा हिंदी गाण्यांचा कार्यक्रम, बिनाका गीतमाला, त्याच १९५२ सालचा. शेवटी १९५७मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. आता तुमच्या नणंदेच्या कार्यक्रमांचा विचार करा. त्यात जुनी हिंदी गाणी असतातच, आणि ती ‘सुवर्णकाळातली’ म्हणून किती आदराने सादर होतात. त्यांतली कितीतरी गाणी एकेकाळी देशाच्या रेडिओवर लावायच्या लायकीची नाहीत असं ठरलं होतं.

पेटीचंही तेच. १९४०मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. हे परदेशी वाद्य, यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं) येत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) मिळत नाहीत, असा आक्षेप होता. पुढची तीस वर्षं ती बंदी राहिली. आज शास्त्रीय मैफिलीत गवयाच्या बाजूला पेटी नसली तर चुकल्यासारखं वाटतं. तुमच्या आबांच्या पार्टीतही मधोमध पेटीच होती.

आणि नाट्यसंगीत, जे तुमच्या सासरी सर्वांत मानाचं. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यातल्या चाली कुठून आल्या? कीर्तनातून, साकी-दिंडीसारख्या जुन्या छंदांतून, लावणीतून. जी लावणी सभ्य घरात म्हणायची नाही, तिचीच चाल नाटकात आली आणि सभ्य घरांनी ती उचलून धरली. कुमार गंधर्व देवासला राहायला गेले, आजारपणात माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकत राहिले आणि त्या धुनांतून त्यांनी नवे राग घडवले. शास्त्रीय संगीताच्या शिखरावरच्या माणसाला जात्यावरच्या आणि अंगणातल्या गाण्यांत राग सापडले, हे तुमच्या सासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

अजून एक आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी थोर गायिका गोव्यातल्या कलावंत घराण्यांतल्या, म्हणजे देवळांच्या नाचगाण्याच्या सेवेशी बांधलेल्या घरांतल्या. ज्या समाजाने त्या घरांतल्या मुलींना प्रतिष्ठा नाकारली, त्याच समाजात आज ही नावं घेताना हात कानाच्या पाळीला जातो. १९७७मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर पृथ्वीचं संगीत म्हणून अंतराळात जी तबकडी गेली, तिच्यात भारतातून केसरबाईंची भैरवी आहे. म्हणजे आवाज तोच होता. ऐकणाऱ्यांची नजर बदलायला वेळ लागला.

आता जे तुम्ही पत्रात शब्दांत लिहायचं टाळलं आहे ते मी लिहिते. ‘हे लाउडस्पीकरवरचं घरात कशाला’ या वाक्यात गाण्याच्या दर्जापेक्षा वस्तीचा भाग जास्त आहे. आपल्याकडे आवडती गाणी विचारणं हे पुष्कळदा ‘तुम्ही कुठले’ विचारण्याचाच एक मवाळ प्रकार असतो, आणि उत्तर देणाऱ्याला ते बरोबर कळतं. आडनावावर जो अंदाज बांधला जातो तोच गाण्यावर बांधला जाईल, ही तुमची भीती उगीच नाही. ती मनाचे खेळ आहेत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पण म्हणूनच, ज्या गाण्यांबद्दल तुम्ही आवाज खाली आणता ती काय आहेत, हे तुम्ही तरी नीट आठवा. १९३०च्या दशकापासून भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी (जलसा म्हणजे गाणी आणि नाट्य यांतून लोकांना जागं करणारा कार्यक्रम), ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांची चळवळ गाण्यातून पोहोचवली. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२चा. लहानपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत मोठेपणी अक्षरओळख झाली आणि त्यानंतर या माणसाने हजारो गीतं लिहिली, खांद्याला झोळी लावून गावोगाव गायली. शिकलेल्या तुमच्या पहिल्या पिढीला ‘शिक’ असं सांगणारा आवाज अनेक घरांत याच गाण्यांतून आला. तुम्ही बँकेच्या परीक्षेला बसलात त्यामागे आबांचा पगार होता तशी आबांची गाणीही होती, हे तुम्हीच लिहिलं आहे. इअरफोनमध्ये लपवावं असं यात काय आहे?

एवढं बोलल्यावर तुमच्या बाजूच्या एका गृहीताकडेही वळते. नऊ वर्षांपूर्वीच्या एका वाक्यावर तुम्ही तुमच्या सासऱ्यांचं सगळं मत ठरवून टाकलं आहे. ते वाक्य टोचणारं होतं आणि ते पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. पण त्यानंतर या विषयावर त्यांच्याशी एकदाही बोलणं झालेलं नाही. हाच माणूस तुमचे वडील गेले तेव्हा तीन दिवस तुमच्या माहेरी राहिला, असंही पत्रात आहे. पंचाहत्तरीचा माणूस बदलतो का, मला ठाऊक नाही. पण त्यांना तुमची आवड माहीतच नाही, हे मात्र नक्की. त्यांना वाटतं तुम्हाला ते भावगीत आवडतं. नऊ वर्षं ते एका वेगळ्याच सुनेबरोबर गाण्याच्या गप्पा मारत आहेत.

आणि तुम्ही त्यांचं गाणं ऐकलं आहे का? तुम्ही लिहिता की ख्याल सुरू झाला की झोप येते, पण ‘छान झालं’ म्हणता. हेही सोडा. पुढच्या वेळी विचारा, ‘बाबा, तुम्ही आत्ता हात वर केलात तो कशाला? मला ते कळलं नाही.’ विलंबित ख्यालात गवई घाई न करता एक एक सूर उलगडत जातो, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो याची ऐकणारा वाट पाहत असतो. तुमच्या सामन्यांत गायक शेर टाकतो, शेवटचा शब्द लांबवतो, ढोलकी थांबलेली असते, आणि मग ध्रुपदावर, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीवर, सगळे एकदम कोसळतात. ती वाट पाहणं आणि ही वाट पाहणं यांत फार अंतर नाही. रसिक माणसाला असा प्रश्न विचारला की तो खुलतो. आणि खुललेल्या माणसाला आपलं काही ऐकवणं सोपं जातं. नाहीच आवडला ख्याल तर नका आवडू देऊ. न आवडणं मोकळेपणाने सांगता येणं हीसुद्धा घरातली जागाच आहे.

ऐकवायचं झालं तर सुरुवात कुठून करायची, याचा एक मार्ग आहे. आषाढीच्या आसपास तुमच्या सासरी प्रल्हाद शिंदेंच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी नक्की लागत असतील. ती लागत नाहीत असं मराठी घर मला तरी माहीत नाही. त्याच गळ्याने भीमगीतं गायली आहेत, कव्वाल्या गायल्या आहेत. एखाद्या रविवारी चहाच्या वेळी ती विठ्ठलाची गाणी लागलेली असताना सहज सांगा, ‘यांचं हे दुसरं ऐका, आमच्याकडे हे चालायचं.’ आणि लावा, इअरफोन न घालता. कोणी काही म्हटलं तर भांडू नका, बंदही करू नका. गाणं चार-पाच मिनिटांचं असतं, तेवढं पूर्ण वाजू द्या.

पण त्याआधी नवऱ्याशी बोला. या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकला तो सोसायटीच्या गेटाशी आवाजाच्या बटणाकडे जाणारा त्यांचा हात. लग्नाआधी ते तुमच्याबरोबर मनमाडला सामना ऐकायला आले होते, पहाटेपर्यंत बसले होते, बक्षिसाच्या दहाच्या नोटा द्यायला स्टेजपाशी गेले होते. म्हणजे गाणं त्यांना नापसंत नाही. वॉचमन आणि शेजारी काय म्हणतील याचा त्यांना धाक आहे. बहुधा त्यांना वाटत असेल की आपण तुम्हाला अवघडलेपणातून वाचवतो आहोत. त्यांना सांगा की असं वाचवलं की लाज दुप्पट होते. आरोपाच्या सुरात नको. ‘तू आवाज कमी करतोस तेव्हा मला असं वाटतं की घरात शिरण्यापूर्वी माझं माहेर खाली उतरवून ठेवायचं’, एवढं एक वाक्य पुरे आहे. आंतरजातीय लग्नात ज्या बाजूला वावरणं सोपं असतं त्या बाजूच्या जोडीदाराने पुढे उभं राहायचं असतं. ते काम नऊ वर्षं तुम्ही एकट्याने, गप्प राहून केलं आहे.

आता पंचाहत्तरी. तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात.

ठरलेलं भावगीत म्हणायचं, ही पहिली. यात काही गैर नाही. सासऱ्यांचा दिवस आहे, त्यांना आवडणारं गाणं भेट म्हणून म्हणता येतं. फक्त मग माइकवर तसंच सांगा की ‘हे बाबांना आवडतं म्हणून’. ‘माझं आवडतं’ असं म्हणू नका. कदाचित एवढ्या बदलानेच गळा मोकळा होईल.

काहीतरी मधलं, दोन्हीकडे चालेल असं अभंगासारखं गाणं निवडायचं, ही दुसरी वाट. बरेच जण हाच सल्ला देतील. मला तो तुमच्यासाठी पटत नाही. अभंग सुंदरच असतात, पण तुम्ही तो निवडाल तो दडण्यासाठी. आणि घरी येताना तेच ओझं बरोबर येईल.

तिसरी वाट आबांच्या गाण्याची. माझा कौल हिच्याकडे आहे, पण त्याला अटी आहेत. पहिली म्हणजे स्टेजवर हे पहिल्यांदा घडता कामा नये. सभागृहात पन्नास-साठ नातेवाईकांसमोर सासऱ्यांना अचानक काही समजणं त्यांच्यावरही अन्याय आहे आणि तुमच्यावरही. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटेल ते तुम्ही पुढची नऊ वर्षं विसरणार नाही. म्हणून कार्यक्रमाच्या किमान दोन आठवडे आधी त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, ‘बाबा, ग्रुपवर मी लिहिलंय ते माझं आवडतं गाणं नाही. माझ्या वडिलांचं एक गाणं आहे, ते मला म्हणायचंय. आधी तुम्हाला म्हणून दाखवते.’ ही परवानगी मागणं नव्हे, त्यामुळे ‘चालेल का’ हा शब्द वाक्यात नको. त्यांना तयार व्हायला वेळ देणं आहे. आणि गाण्यातलं कळणारा माणूस समोर बसून ऐकतो तेव्हा तो आधी सूर ऐकतो. तुमचा सूर पक्का आहे.

गाणं कोणतं निवडायचं तेही पाहा. आबांच्या गाण्यांत आई, शिक्षण, भाकरी, बाबासाहेबांबद्दलची कृतज्ञता अशा विषयांची पुष्कळ असतील आणि सामन्यात प्रतिस्पर्ध्याला चीत करणारीही असतील. वडीलधाऱ्या माणसाच्या पंचाहत्तरीला पहिल्या प्रकारातलं शोभेल. एखाद्या ओळीत रोखठोक काही असेल तर ती गाळू नका, त्यापेक्षा दुसरं गाणं घ्या. कापलेलं गाणं म्हणताना तुम्हालाच बोचेल. म्हणण्याआधी दोन वाक्यं बोला, हे कोणाचं, ते कुठे म्हणायचे, तुम्ही कुठे बसून ऐकायच्या. व्याख्यान नको. आणि साथीला कराओके ट्रॅक तर मुळीच नको. एक ढोलकी आणि पेटी मिळाली तर उत्तम, नाहीतर मोकळ्या गळ्याने म्हणा.

कोणी काही बोललंच तर? एखादे काका, एखादी मावशी, ‘आज काय जयंती का’ असं. याची तयारी नवऱ्याबरोबर आधीच करून ठेवा. उत्तर त्यांनी द्यायचं, तुम्ही नाही, आणि तिथल्या तिथे. ‘काका, हे माझ्या सासऱ्यांचं गाणं आहे’, एवढं ठाम आवाजात म्हटलं तरी पुरतं.

आणि असंही होऊ शकतं की सासरे घरी ऐकून गप्पच राहतील. होकार नाही, नकार नाही. मग गायचं की नाही हे तुम्ही तुमच्या मनाला विचारून ठरवा. त्या दिवशी नाही गायलात तर हरलात असं समजू नका. रविवारचा चहा आणि स्वयंपाकघर दर आठवड्याला येतं, आणि माझ्या मते घरातली जागा समारंभात कमी आणि तिथे जास्त मिळते.

पत्रात तुमच्या लेकीचाही उल्लेख आहे, तिच्याबद्दल एकच सांगते. तिने विचारलं, ‘आई, तू एकटीच का ऐकतेस?’ आणि तुम्ही विषय बदललात. आठ वर्षांच्या मुलीला कारणं सांगायची गरज नाही, दुसरा इअरफोन तिच्या कानात घाला. निम्मं रक्त तुमचं आहे तसं निम्मं गाणंही तुमचंच आहे. काय लपवायचं असतं हे मुलं आपण न सांगताच शिकतात, आणि ते नंतर विसरायला लावणं फार कठीण असतं.

या सदराकडे अशी पत्रं वेगवेगळ्या तोंडांनी येतात. कुणी इंजिनिअरिंगचा मुलगा लिहितो की होस्टेलवर ख्याल ऐकतो म्हणून मित्र ‘आजोबा’ म्हणतात. निवृत्त शिक्षिकेला नातवाचं रॅप आवडू लागलंय आणि भिशीतल्या मैत्रिणींना ते सांगायची चोरी. परदेशात गेलेल्या कुणाला कोळीगीत लागलं की रडू येतं आणि बरोबरच्यांना ते लग्नाच्या वरातीतलं वाटतं. त्या सगळ्यांनाही मी हेच सुचवेन की आवडीची बाजू मांडायला लागू नका. ‘हे खरं तर खूप दर्जेदार आहे’ असं पटवत बसलं की आपणच गाण्याला परीक्षेला बसवतो. त्याऐवजी हे गाणं आपल्यापर्यंत कसं आलं ते सांगा, कोणी ऐकवलं, कुठे, कोणत्या वयात. दर्जावर वाद घालता येतो, आठवणीवर घालता येत नाही. आणि दुसऱ्याने गाणं ऐकवलं तर तेही पूर्ण ऐका, मध्येच फोन बघू नका. ज्यांच्या घरी अशी सून, असा जावई, असा मित्र आहे आणि ज्यांचा हात नकळत बटणाकडे जातो, त्यांनीही तो एकदा थांबवून बघावा.

आता एक काम, आणि ते पंचाहत्तरीच्या आधी करायचं आहे. आबांची गाण्यांची वही तुमच्या भावाकडे ट्रंकेत आहे असं तुम्ही लिहिलं आहे. ती मागवा आणि पानापानाचे फोटो काढून ठेवा. अशा वह्यांत गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या सिनेमातल्या गाण्याची ओळ लिहिलेली असते. ती असेल त्या गाण्याची चाल तुम्हाला कधीही सापडेल. पण जिथे ‘चाल स्वतंत्र’ लिहिलं असेल किंवा काहीच लिहिलं नसेल, तिथे वहीत फक्त शब्द उरले आहेत. ती चाल आता पार्टीतल्या माणसांनाच आठवत असणार. ढोलकीवाले काका अजून मनमाडलाच आहेत ना? मुलीला घेऊन एका सुट्टीच्या दिवशी जा, नवऱ्यालाही घेऊन जा. फोनवर रेकॉर्डिंग लावून वही त्यांच्यापुढे ठेवा आणि एकेक गाणं म्हणायला सांगा. पंचाहत्तरीला कोणतं गाणं म्हणायचं हे कदाचित तेच सांगतील. वय झालेल्या माणसाचं काम आहे, तेव्हा हे पुढच्या महिन्यावर टाकू नका.

तुमची,
सदरलेखिका